सिनेमा दाखवून द्वेष कमी होतो का? महायुद्धानंतरच्या ज्यू संघटनांचा प्रयोग आणि आपल्याकडचा ‘हिटलर’

देवणी (जि. लातूर) : शाळेत छडी घेऊन फिरणारे सर, रजेचा अर्ज बाजूला सारणारा साहेब, रात्री दहाला टीव्ही बंद करायला लावणारे वडील. तिघांनाही आपल्याकडे एकच टोपणनाव पडतं : हिटलर. देवणी असो, उदगीर असो की नांदेड, हे नाव ऐकून कुणी दचकत नाही, उलट हसू येतं.

ज्याच्या राजवटीत सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली, त्या माणसाचं नाव आपल्या बोलण्यात इतकं सहज कसं आलं? आपण ज्यूंचा द्वेष करतो, हे त्याचं कारण नाही. तो द्वेष इथे रुजलाच नाही, त्यामुळे त्याची ओळखही झाली नाही.

अमेरिकेतल्या ज्यूंची अडचण याच्या उलट होती. द्वेष शेजारीच होता, पण चारचौघांत त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. त्यावर तिथल्या संघटनांनी १९४५ नंतर एक मार्ग धरला, तो म्हणजे लोकांना एकत्र बसवून सिनेमा दाखवायचा आणि नंतर बोलायला लावायचं. त्यातून काय साधलं, कुठे फसलं आणि आज मोबाइलवर व्हिडिओ पाहणाऱ्या आपल्यासाठी त्यात काय आहे, हे समजून घेऊ.

ज्यूद्वेष म्हणजे नेमकं काय?

एखाद्या ज्यू माणसाशी भांडण झालं, तर तो ज्यूद्वेष नाही. ‘तो ज्यू आहे, म्हणूनच तसा आहे’ असं म्हणणं हा ज्यूद्वेष. युरोपात शतकानुशतकं ज्यूंना जमीन घेण्यावर, अनेक धंदे करण्यावर बंदी होती. व्याजाने पैसे देण्यासारखी जी कामं त्यांच्यासाठी उरली, ती केल्याबद्दल पुन्हा त्यांनाच लोभी ठरवलं गेलं. रोगराई आली की विहिरीत विष टाकल्याचा आळही त्यांच्यावरच. १४ व्या शतकात प्लेगच्या साथीत याच अफवेवरून ज्यूंच्या वस्त्या जाळल्या गेल्या.

नाझींनी या जुन्या अफवांना सरकारी यंत्रणा जोडली आणि सिनेमाही हाताशी धरला. १९४० मध्ये त्यांनी ‘ज्यू झ्यूस’ हा चित्रपट आणला. त्यात ज्यू माणूस कपटी, पैसेखाऊ आणि स्त्रियांची अब्रू लुटणारा दाखवला होता. कोट्यवधी लोकांनी तो पाहिला. आपल्या दलातल्या माणसांनी आणि पोलिसांनी तो पाहावा, असा हुकूम हिमलरने काढला होता. थोडक्यात, द्वेष पसरवायला सिनेमा वापरता येतो, हे जगाला आधीच कळलेलं होतं.

बंधुसंस्था म्हणजे काय?

आपल्याकडे ज्ञातिसंस्था असतात, लायन्स-रोटरीसारखे क्लब असतात. वर्गणी भरायची, अडल्यानडल्याला मदत करायची, सुखदुःखात एकत्र यायचं. १९ व्या शतकातल्या अमेरिकेत अशा बंधुसंस्थांचं मोठं जाळं होतं. त्यांच्या शाखेला ‘लॉज’ म्हणत. आपल्याकडचं मुक्कामाचं लॉज ते हे नव्हे.

१३ ऑक्टोबर १८४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये जर्मनीहून आलेल्या १२ ज्यूंनी ‘बनाय ब्रिथ’ ही संस्था सुरू केली. नावाचा अर्थ ‘कराराची लेकरं’. हा करार म्हणजे ज्यू परंपरेतला देवाशी झालेला करार. संस्थेचं सुरुवातीचं काम अगदी घरगुती होतं : सभासद वारला तर त्याच्या विधवेला अंत्यविधीसाठी ३० डॉलर आणि पुढे दर आठवड्याला एक डॉलर.

१९१३ मध्ये याच संस्थेतून बदनामीविरोधी शाखा निघाली, ‘अँटी-डिफेमेशन लीग’. त्या वर्षी अटलांटा शहरात लिओ फ्रँक या ज्यू कारखाना व्यवस्थापकाला एका मुलीच्या खुनासाठी दोषी ठरवलं गेलं. खटल्याभोवती ज्यूद्वेषाचं वातावरण होतं. पुढे त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली, तेव्हा १९१५ मध्ये जमावाने त्याला तुरुंगातून पळवून नेऊन झाडाला लटकावलं.

नाटक-सिनेमातल्या ज्यूंच्या विकृत चित्रणाला विरोध करणं, हे या लीगच्या पहिल्या कामांपैकी एक होतं. म्हणजे संघटनेचं पडद्याशी नातं सुरुवातीपासून होतं. महायुद्धानंतर त्यात बदल झाला. ‘असं दाखवू नका’ यावर न थांबता ‘हे दाखवा आणि त्यावर बोला’ असं संघटना म्हणू लागल्या.

सिनेमाच का निवडला?

पहिलं कारण तांत्रिक. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला थिएटर लागायचं. १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर एक माणूस उचलून नेऊ शकत होता. युद्धात सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी तो सर्रास वापरला गेला. युद्ध संपल्यावर शाळा, चर्च, कामगार संघटना आणि लॉजमध्ये तो पोहोचला. भिंतीवर पांढरा कपडा, चाळीस-पन्नास खुर्च्या आणि फिल्मचा डबा असला की सभागृहाचं थिएटर होई. आपल्याकडे जत्रेत तंबू टॉकीज यायची, ती ज्यांनी पाहिली त्यांना हे दृश्य सांगावं लागणार नाही.

दुसरं कारण माणसाच्या स्वभावाचं. ‘तुम्ही ज्यूद्वेष्टे आहात’ असं तोंडावर सांगितलं तर माणूस उठून जातो. गोष्ट सांगितली तर बसून राहतो. महायुद्धात ज्यू आणि ख्रिस्ती सैनिक खांद्याला खांदा लावून लढून परतले होते. पण परतल्यावर काही हॉटेलांत ज्यूंना खोली मिळत नव्हती, काही वस्त्यांत घर मिळत नव्हतं आणि अनेक महाविद्यालयांत ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर अघोषित मर्यादा होती. या विसंगतीवर बोट ठेवायला पडदा सोयीचा होता.

कोणते सिनेमे होते?

‘द हाउस आय लिव्ह इन’ (१९४५) : जेमतेम दहा मिनिटांचा लघुपट. गायक फ्रँक सिनात्रा स्टुडिओबाहेर येतो, तर मुलांचं टोळकं एका मुलाच्या धर्मावरून त्याच्या मागे लागलेलं दिसतं. सिनात्रा त्यांना थांबवतो, समजावतो आणि गातो. या लघुपटाला विशेष ऑस्कर मिळालं.

‘डोन्ट बी अ सकर’ : हा लघुपट अमेरिकेच्या युद्ध खात्याने बनवला. चौकात एक वक्ता परकीयांविरुद्ध भाषण ठोकत असतो. ऐकणाऱ्या तरुणाला ते पटत जातं. मात्र वक्ता त्या तरुणाच्याच गटाचं नाव घेतो, तेव्हा तो सावध होतो. शेजारी उभा असलेला मूळचा युरोपीय प्राध्यापक त्याला जर्मनीत काय घडलं ते सांगतो. हा लघुपट २०१७ मध्ये समाजमाध्यमांवर पुन्हा जगभर फिरला.

‘क्रॉसफायर’ (१९४७) : एका ज्यू माणसाचा खून होतो. खुनाला ज्यूद्वेषाशिवाय दुसरं कारणच नसतं. मूळ कादंबरीत खून झालेला माणूस समलिंगी होता. तेव्हाच्या सेन्सॉर नियमांत ते बसत नसल्याने तो ज्यू करण्यात आला.

‘जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट’ (१९४७) : एलिया कझान यांचा हा चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. ग्रेगरी पेकने साकारलेला पत्रकार लेख लिहिण्यासाठी आपण ज्यू असल्याचं सगळ्यांना सांगतो. लगेच हॉटेलात खोली नाकारली जाते आणि मुलाला शाळेत चिडवलं जातं. शीर्षकाचा अर्थ आहे ‘सभ्य माणसांतला अलिखित करार’. अमुक वस्तीत ज्यूंना घर विकायचं नाही, असं कागदावर कुठेही नसतं. पण सगळ्यांना ते माहीत असतं आणि सगळे ते पाळतात.

या चित्रपटातली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती ज्यू नाही आणि द्वेष्टीही नाही. ती आहे नायकाची होणारी बायको. जेवणाच्या टेबलावर कुणी ज्यूंवर घाणेरडा विनोद करतं. तिला किळस येते, पण ती गप्प बसते. नंतर नायकाचा ज्यू मित्र तिला शांतपणे एवढंच विचारत राहतो की, मग तू काय केलंस? या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं.

सगळ्या ज्यूंना हे पटलं होतं का?

नाही. हॉलिवूडमधल्या काही ज्यू निर्मात्यांनाच ‘जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट’ नको होता. झाकली मूठ उघडली तर त्रास वाढेल, अशी त्यांना भीती होती. तो काढणारे निर्माते डॅरिल झॅनक ज्यू नव्हते.

‘क्रॉसफायर’वर तर जाहीर वाद झाला. ‘अमेरिकन ज्युइश कमिटी’च्या ‘कॉमेंटरी’ मासिकाचे संपादक एलियट कोहेन यांनी निर्मात्यांना अनावृत पत्र लिहिलं. हा सिनेमा पाहून द्वेष्टा माणूस सुधारण्याऐवजी खुनी नायकाच्याच बाजूने झुकला तर काय, अशी त्यांची शंका होती.

१९४८ मध्ये डेव्हिड लीन यांचा ब्रिटिश चित्रपट ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ आला. त्यातल्या फॅगिन या चोरांच्या म्होरक्याचं लांबलचक नाक नाझी व्यंगचित्रांची आठवण करून देत होतं. १९४९ मध्ये बर्लिनमध्ये नरसंहारातून वाचलेल्या ज्यूंनी त्याविरुद्ध निदर्शनं केली. अमेरिकेत तो १९५१ पर्यंत अडला आणि मग काही दृश्यं कापून लागला. एकाच काळात एका सिनेमाचे खेळ लावायचे आणि दुसरा अडवायचा, हे योग्य का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

त्यात राजकारणही शिरलं. १९४७ च्या अखेरीस हॉलिवूडमध्ये कम्युनिस्टांचा शोध सुरू झाला. ‘क्रॉसफायर’चे दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिक, निर्माते एड्रियन स्कॉट आणि सिनात्राच्या लघुपटाचे लेखक आल्बर्ट मॉल्ट्झ हे तिघेही तुरुंगात गेले. बडे स्टुडिओ अशा विषयांपासून दूर झाले. मग संघटनांनी शाळांसाठी छोट्या फिल्मकडे अधिक लक्ष दिलं. १९५२ ची ‘द हाय वॉल’ ही त्यातली एक. किशोरवयीन मुलाच्या मनात द्वेष कुठून येतो, याचा माग ती थेट त्याच्या घरापर्यंत काढते.

परिणाम झाला का?

संशोधकांनी हे मोजून पाहिलं, हा या गोष्टीतला सर्वांत उपयोगी भाग.

सिनेमा मत बदलू शकतो, हे १९३३ मध्येच दिसलं होतं, पण उलट दिशेने. पीटरसन आणि थर्स्टन यांनी अमेरिकेतल्या एका छोट्या गावातल्या विद्यार्थ्यांना ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा कृष्णवर्णीयांची बदनामी करणारा चित्रपट दाखवला. मुलांची मतं कलुषित झाली आणि पाच महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही परिणाम बराच शिल्लक होता.

१९४८ मध्ये आयर्विन रोझेन यांनी ‘जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट’ पाहिलेले आणि न पाहिलेले विद्यार्थी यांची तुलना केली. पाहिलेल्यांच्या मनात ज्यूंबद्दलची भावना सुधारलेली दिसली.

मात्र १९४७ मध्ये युनिस कूपर आणि मारी याहोदा यांच्या अभ्यासाने सगळ्यांना जमिनीवर आणलं. ‘मिस्टर बिगट’ हे व्यंगचित्रांतलं पात्र द्वेष्ट्या माणसाची खिल्ली उडवण्यासाठी तयार केलं होतं. एका चित्रात हा माणूस आजारी पडलेला असतो आणि रक्त घ्यायचं तर सहा पिढ्या अमेरिकी असलेल्याचंच, असा हट्ट धरतो. पूर्वग्रह असलेल्या वाचकांनी काय केलं? काहींनी विनोद वेगळाच लावून घेतला. काहींना आधी अर्थ कळला, पण तो आपल्यावरच येतोय हे जाणवताच ‘हा कुणीतरी भलताच माणूस आहे, माझ्यासारखा नाही’ असं म्हणून ते निसटले.

हे आपल्याला नवीन नाही. कीर्तनात बुवा कंजुषावर बोलतात तेव्हा मांडवातला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहतो.

म्हणून खेळानंतरची चर्चा महत्त्वाची. अंधारात एकट्याने पाहिलं की निसटायला वाव असतो. दिवे लागल्यावर ओळखीच्या माणसाने ‘तिच्या जागी तुम्ही असता तर बोलला असता का?’ असं विचारलं, की तितकं सहज निसटता येत नाही. शिवाय कट्टर द्वेष्टा खेळाला येतच नाही. येतो तो मधला, सभ्य, गप्प बसणारा माणूस. या सिनेमांचा खरा ग्राहक तोच होता.

महाराष्ट्रातल्या ज्यूंचं काय?

आपले ज्यू मराठी बोलतात. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज कोकण किनाऱ्यावर अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. तेलाच्या घाण्याचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली : पेणकर, चेऊलकर, राजपूरकर. बायबलमधल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तनं केली. डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले.

सिनेमातही ते होते. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावर बेतलेला. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. १९५८ मध्ये बिमल रॉय यांनी ‘यहुदी’ काढला. रोमन सत्तेखाली छळ सोसणाऱ्या ज्यूंची ती गोष्ट दिलीपकुमार आणि मीनाकुमारीसाठी पाहिली गेली. पण जागृतीचा खेळ म्हणून तो दाखवावा, अशी इथे गरज कुणाला वाटली नाही.

याचा अर्थ या समाजाला पूर्वग्रह भेटलाच नाही, असं नाही. तो भेटला इस्रायलमध्ये. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भेदभावाची तक्रार करत काही कुटुंबांनी तिथे धरणं धरलं आणि ती भारतात परतली. पुढे तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर वंशशुद्धीची अट घातली. आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते पूर्णपणे ज्यू असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्यावर हजारो वर्षं शिक्के मारले गेले, त्या समाजातही आपल्यातल्याच कुणावर शिक्का मारला जाऊ शकतो, हे मराठी ज्यूंनी अनुभवलं.

२०११ च्या जनगणनेत देशात साडेचार हजारांच्या आसपास ज्यू उरले होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. जुना शेजार शांततेचा असला, तरी बाहेरून आलेला द्वेष इथेही पोहोचला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दहशतवाद्यांनी मुंबईतलं नरिमन हाउस ते ज्यू केंद्र असल्यामुळेच निवडलं. तिथे रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का यांच्यासह सहा जण मारले गेले.

चांगला सिनेमा काढणारा चांगलाच असतो का?

याचं उत्तर मुंबईतच आहे. १९३६ चा ‘अछूत कन्या’ आठवा. अशोककुमार, देविकाराणी, अस्पृश्यतेमुळे तुटलेलं प्रेम. बॉम्बे टॉकीजच्या या चित्रपटाचे दिग्दर्शक होते जर्मनीचे फ्रान्झ ऑस्टेन. त्याच वर्षी ते नाझी पक्षाचे सभासद झाले. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिशांनी त्यांना अटक केली.

त्याच काळात त्याच शहरात वॉल्टर कॉफमन राहत होते. नाझींमुळे युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईत आलेले हे ज्यू संगीतकार. आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून रचण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. जातिभेदाविरुद्धचा सिनेमा नाझी पक्षाच्या सभासदाने काढला आणि त्या पक्षापासून पळालेल्या माणसाची धून खेड्यापाड्यांतल्या रेडिओवर वाजली. पडद्यावरचा एक अन्याय पाहून डोळे ओले झाले, म्हणजे दुसरा अन्याय दिसतोच असं नाही.

मग ‘हिटलर’ आपल्याकडे कुठून आला?

शिस्तीचा, इंग्रजांना नडणारा माणूस म्हणून त्याची प्रतिमा आली. छळछावण्यांची गोष्ट मात्र मागे राहिली. त्याचं आत्मचरित्र आजही पुस्तकांच्या दुकानांत आणि फुटपाथवर विकलं जातं. २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका रेस्टॉरंटला त्याचं नाव दिलं गेलं. ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर मालकाने ते बदललं. २०११ मध्ये ‘हिटलर दीदी’ ही हिंदी मालिका आली, परदेशात ती ‘जनरल दीदी’ या नावाने दाखवली गेली. नाव इथे चाललं, बाहेर चालेना. फरक अज्ञानाचा होता, म्हणूनच तो बोलून मिटू शकतो.

देवणीत बसून हे कशाला वाचायचं?

देवणी ओळखली जाते देवणी गाईबैलांसाठी. इथे ज्यू वस्ती नाही. पण ‘सभ्य माणसांतला अलिखित करार’ आपल्या चांगलाच ओळखीचा आहे. शिकायला लातूर-पुण्याला गेलेल्या पोरांना विचारा. खोली बघायला गेल्यावर भाड्याआधी काय विचारतात? आडनाव. त्यानंतर खोली ‘कालच गेली’ असते. पाटीवर कुठेही काही लिहिलेलं नसतं.

महाराष्ट्रानेही पडदा वापरून पाहिला आहे. आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’ वस्त्यांमध्ये नेऊन दाखवला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला शेवटचा दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तो दगड आपल्याला लागला का, की शेजारच्याला लागला, यावर किती घरांत बोलणं झालं?

आता पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे. १६ मिलिमीटरच्या खेळाला पन्नास जण एकत्र यायचे, आता पन्नास जण पन्नास मोबाइलवर पाहतात. एखाद्या समाजाला सरसकट गुन्हेगार ठरवणारा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर येतो. काही जण अंगठा दाखवतात. बहुतेकांना तो पटत नाही, पण ते गप्प राहतात, चित्रपटातल्या त्या होणाऱ्या बायकोसारखे.

त्या लॉजमधल्या खेळांतून घेण्यासारखं तंत्र साधं आहे. पुढचा असा व्हिडिओ आला की, स्वतःला किंवा ग्रुपला तीन प्रश्न विचारा. यात एका माणसाचं कृत्य सांगितलंय की पूर्ण समाजाचा स्वभाव? समाजाच्या नावाजागी माझ्या जातीचं किंवा गावाचं नाव टाकलं तर मला चालेल का? आणि पटत नसेल, तर मी तसं लिहिलं का?

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. ग्रुपमध्ये काका असतात, सर असतात, कधी काळचा वर्गमित्र असतो. भांडायची गरज नाही. ‘हे खरं आहे का, कुठून आलं?’ एवढी एक ओळही पुरते. ती पहिल्यांदा लिहिणाऱ्याला एकटं वाटतं. दुसऱ्या कुणी तिला दुजोरा दिला की वाटत नाही.